'ओताकु' म्हणजे नक्की कोण? एका जपानी शब्दाचा अर्थ आणि त्यातला मान-अपमान

दप्तरी

नमस्कार.

पुण्यातील एका कारखान्याच्या कार्यालयात मी पत्रव्यवहार आणि भाषांतराचे काम पाहतो. कामाची गरज म्हणून चाळिशीनंतर जपानी शिकू लागलो आणि प्रावीण्य परीक्षेची चौथी पातळी कशीबशी पार केली, तेव्हा माझे ज्ञान किती असेल हे वेगळे सांगायला नको. वर्गात बाईंनी 'ओताकु' हा शब्द पहिल्याच वर्षी शिकवला होता. स्वतःच्या घराला 'उची' म्हणावे आणि समोरच्याच्या घराला आदराने 'ओताकु' म्हणावे, इतकेच त्यांनी सांगितले होते आणि तेवढेच माझ्या वहीत लिहिलेले आहे.

आमच्या रचना विभागात एक तरुण सहकारी आहे. जपानी चलचित्रमालिका, म्हणजे अ‍ॅनिमे, आणि जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, या विषयांत त्याची गती अशी आहे की एखाद्या मालिकेचे नाव काढावे आणि तिचा दिग्दर्शक कोण, त्याची आधीची कामे कोणती, मूळ मांगा कोणत्या साप्ताहिकात येत असे, हे सगळे त्याने न अडखळता सांगावे. तो स्वतःला 'ओटाकू' म्हणवतो. त्याच्या पिशवीवर जपानी लिपीत तसा बिल्लाही आहे. गेल्या महिन्यात जपानहून दोन पाहुणे आले, तेव्हा त्याची ओळख करून देताना "हे अ‍ॅनिमेचे मोठे ओताकु आहेत" असे मी कौतुकाने म्हणालो. पाहुण्यांपैकी पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ क्षणभर थांबले, हसले आणि त्यांनी हवामानाचा विषय काढला. त्यांच्याबरोबर आलेली पंचविशीतील मुलगी मात्र "मीसुद्धा!" म्हणाली आणि पुढची दहा मिनिटे ती आणि आमचा सहकारी यांच्यात जे बोलणे झाले त्यातले मला काहीही कळले नाही.

एकाच शब्दावर दोन माणसे इतकी वेगळी वागली, याचा अर्थ मी काहीतरी चुकलो असणार. ओताकु म्हणजे शिवी, थट्टा की बिरुद? आणि 'आपले घर' या अर्थाचा शब्द अ‍ॅनिमेच्या चाहत्यांना कसा चिकटला? जाणकारांनी कृपया सांगावे. यासाठी एखादा मराठी शब्द सुचत असेल तर तोही द्यावा.

शब्दवेध

दप्तरी, बाईंनी शिकवलेला शब्द आणि बिल्ल्यावरचा शब्द एकच आहे.

'ताकु' म्हणजे घर आणि 'ओ' हा आदर दाखवणारा उपसर्ग. जपानी माणूस समोरच्याला सर्वनामाने संबोधणे शक्यतो टाळतो. 'आनाता' हे पाठ्यपुस्तकात 'तुम्ही' म्हणून दिलेले असते, पण ते वरिष्ठांना म्हणता येत नाही. 'किमी' आणि 'ओमाए' यांत सलगी येते किंवा दरडावणी. म्हणून नावाला 'सान' जोडतात, हुद्द्याने हाक मारतात, नाहीतर माणसाऐवजी त्याच्या जागेचा उल्लेख करतात. 'ओताकु नो मुसुको-सान' म्हणजे 'आपल्या घरचा मुलगा', अर्थात आपले चिरंजीव. फारशी ओळख नसलेल्या शेजारणी एकमेकींशी बोलताना किंवा एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या माणसाशी बोलताना 'ओताकु' हा शब्द थेट 'आपण' या अर्थाने वापरतो. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्या आजोबांच्या पिढीत बायकोला 'कुटुंब' म्हणत आणि नवऱ्याचा निरोप 'घरून सांगितलंय' असा येत असे. जपानी नवरा परक्यांसमोर बायकोला 'कानाई' म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ 'घराच्या आतली'.

आता विचित्र भाग असा की १९८० च्या सुमारास हे प्रौढ, अंतर राखणारे संबोधन विज्ञानकथा, मांगा आणि अ‍ॅनिमेच्या तरुण चाहत्यांच्या तोंडी रुळले. ते कोठून आले याची एकाहून अधिक उत्पत्ती सांगितली जाते. कोणी विज्ञानकथालेखिका आराइ मोतोको हिच्या शैलीकडे बोट दाखवतो, तर कोणी १९८२-८३ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या 'माक्रोस' या मालिकेकडे, कारण तिच्यातील पात्रे एकमेकांना 'ओताकु' म्हणतात आणि ती घडवणाऱ्यांपैकी काही जण केइओ विद्यापीठातील विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थी होते. मला स्वतःला यापैकी कोणत्याही एका उगमापेक्षा त्या मुलांची अडचण अधिक बोलकी वाटते. एकोणीस वर्षांची दोन मुले, एकमेकांचे नाव ठाऊक नाही, पण दोघांनाही एकाच मालिकेचा तोच दुर्मिळ अंक हवा आहे. 'तू' म्हणावे तर धीटपणा होतो, 'तुम्ही' म्हणावे तर ते ओशाळवाणे वाटते. आपल्याकडे अशी दोन मुले रद्दीच्या दुकानात भेटली आणि "आपल्याकडे तो अंक आहे का?" असे एकमेकांना विचारू लागली, तर ते जसे वाटेल तसे जपानी कानाला त्यांचे 'ओताकु' वाटत असे. त्यात सभ्यता आहे आणि अवघडलेपणही आहे.

हे अवघडलेपण एका माणसाने नेमके पकडले. जून १९८३ मध्ये 'मांगा बुरिक्को' नावाच्या मासिकात नाकामोरी आकिओ या तरुण लेखकाने '“ओताकु”चा अभ्यास' ही लेखमाला सुरू केली. 'कोमिक्कु माकेत्तो', म्हणजे हौशी मांगाकारांच्या बाजारात, त्याने पाहिलेल्या मुलांचे वर्णन त्यात होते: आईने आणून दिलेले कपडे, फुगलेल्या पाठपिशव्या, आणि बोलताना सतत 'ओताकु, ओताकु'. त्याने त्यांच्याच पंगतीला आगगाडीचे छायाचित्र घेण्यासाठी रुळांवर जीव धोक्यात घालणारे, विज्ञानकथा मासिकांचे जुने अंक रचून ठेवणारे आणि संगणकाच्या दुकानांत घुटमळणारे तरुणही बसवले. या सगळ्यांना सामावणारे एक नाव हवे होते, तेव्हा त्याने त्यांचेच संबोधन उचलून त्यांना चिकटवले. जे द्वितीय पुरुषी सर्वनाम होते ते अशा रीतीने तृतीय पुरुषी लेबल झाले. लेखनाचा सूर कुत्सित होता यात शंका नाही. वाचकांनी तक्रार केली, आणि मासिकाचे संपादक ओत्सुका एइजी यांनी हे लेखन भेदभाव करणारे आहे असे म्हणून ती मालिका काही महिन्यांतच थांबवली. मालिका थांबली, शब्द मात्र राहिला.

जाता जाता: 'ओटाकू' हे रूप इंग्रजीच्या वाटेने आले आहे. जपानीतील तो वर्ण आपल्या 'ट'पेक्षा 'त'ला जवळचा आहे आणि शेवटचा 'उ' ऱ्हस्व, जवळजवळ न ऐकू येणारा आहे. ज्या न्यायाने तोक्योचे टोकियो झाले, त्याच न्यायाने ओताकुचे ओटाकू झाले.

कावासाकीकर

मी बारा वर्षे जपानमध्ये कावासाकीत राहतो. शब्दवेध यांनी शब्दाचा जन्म सांगितला. आपले पन्नाशीचे पाहुणे का थांबले याचे उत्तर मात्र १९८३ मध्ये नसून १९८९ मध्ये आहे. १९८३ चा तो लेख वाचणारे लोक मोजकेच होते. १९८९ मध्ये हा शब्द अख्ख्या देशाला कळला, आणि तो फार वाईट रीतीने कळला.

१९८८-८९ मध्ये तोक्यो आणि शेजारच्या साइतामा प्रांतात चार लहान मुलींचे खून झाले. जुलै १९८९ मध्ये मियाझाकी त्सुतोमु नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण पकडला गेला. (विख्यात अ‍ॅनिमे दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांच्याशी त्याचा आडनावापलीकडे काहीही संबंध नाही.) पोलिसांपाठोपाठ कॅमेरे त्याच्या खोलीत गेले आणि छतापर्यंत रचलेल्या व्हिडिओ कॅसेट दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसल्या. त्यांची संख्या ५,७०० हून अधिक होती. ते दृश्य इतके परिणामकारक ठरले की कॅसेटमध्ये नेमके काय आहे हे विचारण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. वृत्तपत्रांनी त्याला ओताकु म्हटले, आणि त्या दिवसापासून ज्यांच्या खोलीत मांगाचे ढीग होते अशा सगळ्या मुलांकडे त्यांच्या आया वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी त्या वर्षी महाविद्यालयात होते. ते सांगतात की सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी आपल्या मालिकांच्या कॅसेट स्वतःच टाकून दिल्या. कोणी काही म्हटले नव्हते, पण कोणी काही म्हणण्याआधी टाकलेल्या बऱ्या असे त्यांना वाटले. आपले पाहुणे त्याच वयाचे दिसतात. "हे ओताकु आहेत" हे वाक्य त्यांनी तरुणपणी कोणत्या सुरात ऐकले असेल याची कल्पना करावी.

आता त्या पंचविशीच्या मुलीकडे वळतो, कारण तिचा शब्द वेगळ्या मार्गाने आला आहे. नव्वदच्या दशकात स्वतः ओताकु असलेल्या काही माणसांनी या शब्दाची बाजू घेतली. त्यांतले ठळक नाव ओकादा तोशिओ यांचे. गाइनाक्स या अ‍ॅनिमे संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि 'ओताकिंग' हे बिरुद त्यांनी स्वतःच मिरवले. तोक्यो विद्यापीठात त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की ओताकु हा निष्क्रिय प्रेक्षक नसून तरबेज प्रेक्षक आहे आणि त्याला तीन डोळे असतात: सौंदर्य टिपणारा रसिकाचा डोळा, घडण पारखणारा कारागिराचा डोळा आणि इतरांच्या लक्षात न येणारे बारकावे ओळखणाऱ्या मर्मज्ञाचा डोळा. यात थोडी आत्मस्तुती आहे हे उघड आहे, पण जुन्या, एदो काळातील काबुकी नाट्याच्या शौकिनांशी ओताकुंचे नाते जोडण्याची त्यांची खटपट मला तरी पूर्ण अनाठायी वाटत नाही.

तरीही विद्यापीठातील व्याख्यानांनी सामान्य माणसाचे मत बदलत नसते. ते बदलले २००४-०५ मध्ये आणि त्याचे निमित्त होते आपल्या या धाग्यासारखाच एक धागा. 'नि-चान्नेरु' या चर्चास्थळावर मार्च २००४ मध्ये एका लाजाळू तरुणाने लिहिले की आगगाडीत एक मद्यपी बायकांना त्रास देत होता, आपण मध्ये पडलो, आणि त्यांतील एकीने आभार म्हणून महागड्या बनावटीचे चहाचे पेले पाठवले आहेत. आता पुढे काय करावे? त्याने स्वतःला ओताकु म्हटले होते. केस कोठे कापावेत, तिला जेवायला कोठे न्यावे, असे सल्ले दोन महिने अनोळखी माणसे त्याला देत राहिली. त्या धाग्याचे त्याच वर्षी पुस्तक झाले, २००५ मध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका झाली. 'देन्शा ओतोको', म्हणजे 'आगगाडीतला माणूस', या नावाने तो घराघरात पोहोचला. कथा कितपत खरी यावर वाद आहेत, पण १९८९ मध्ये ज्या आयांनी खोलीतले ढीग पाहून धसका घेतला होता त्याच आया २००५ मध्ये एका ओताकुचे लग्न जमावे म्हणून डोळे पुसत मालिका पाहत होत्या.

त्याच वर्षी नोमुरा संशोधन संस्थेने बारा क्षेत्रांतील ओताकु ग्राहकांची संख्या १७ लाख २० हजार आणि त्यांची उलाढाल ४११ अब्ज येन असल्याचा अंदाज मांडला, आणि ज्यांच्याकडे पाहून लोक नाक मुरडत असत त्यांच्याकडे व्यापारी आदराने पाहू लागले. तोक्योतील आकिहाबारा हा भाग युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांच्या काळ्या बाजारातून वाढला, पुढे घरगुती विजेच्या उपकरणांची पेठ झाला आणि मग संगणकांची. तो आता अ‍ॅनिमेच्या भव्य फलकांनी झाकला गेला. पुढे पंतप्रधान झालेले आसो तारो हे आपण मांगा वाचतो असे उघड सांगत आणि आकिहाबाराच्या चौकात टाळ्या मिळवत.

शंकासूर

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु मला वाटते आपण साध्या गोष्टीला फार वळणे देत आहोत. अमेरिकेत १९९४ पासून 'ओटाकॉन' नावाचे संमेलन भरते आणि तेथे हजारो माणसे हे नाव अभिमानाने लावतात. जगभर ओटाकू म्हणजे अ‍ॅनिमेचा चाहता, इतकाच अर्थ उरलेला आहे. शब्दाच्या जन्मगावी त्याला काय म्हणतात याची पर्वा किती करावी?

दुसरे असे की 'घर' या मूळ अर्थाचे स्पष्टीकरण मी वेगळे ऐकले होते. ही मंडळी दिवसरात्र घरात कोंडून घेतात, बाहेर पडत नाहीत, म्हणून त्यांना 'घर' हे नाव पडले. आपला 'घरकोंबडा' तसाच नाही का? हे अधिक सरळ वाटते.

रेघोट्या

शंकासूर, घरकोंबडा हा शब्द मला फार प्रिय आहे, पण तो येथे लागू होत नाही हे मी स्वतःच्या पायांनी तपासले आहे. मी चित्रे काढते आणि हौशी मांगा छापण्याचा खटाटोप करते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी तोक्योच्या खाडीकाठी असलेल्या 'बिग साइट' या प्रदर्शन केंद्रात कोमिक्कु माकेत्तोला, ज्याला सगळे 'कोमिके' म्हणतात, एक दिवस गेले होते. पहाटेपासून तळपत्या उन्हात रांगेत उभ्या असलेल्या त्या लाखो माणसांना घरकोंबडे म्हणण्याचे धाडस आपण करू नये.

नाकामोरी यांनी ज्या बाजारात बसून तो कुत्सित लेख सुचवून घेतला तोच हा बाजार, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पहिले कोमिके २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतील तोरानोमोन भागात, अग्निशमन दलाशी संबंधित एका सभागृहाच्या खोलीत झाले. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे. आणि ही माणसे कोण होती? बहुतांश शाळकरी मुली. मुलींसाठीच्या मांगाने, 'शोजो मांगा'ने, सत्तरच्या दशकात जी झेप घेतली होती तिच्या त्या वाचक होत्या. ओताकु म्हटल्यावर जो चष्मा लावलेला, एकलकोंडा तरुण डोळ्यांसमोर येतो तो पुढे रंगवलेला आहे. सुरुवातीच्या त्या खोलीत तो अल्पसंख्य होता. हे मला येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते, कारण वरच्या दोन्ही माहितीपूर्ण उत्तरांत बायका मुख्यतः आई म्हणूनच आल्या आहेत.

तेथे जे विकले जाते ते 'दोजिन्शी', म्हणजे स्वखर्चाने छापलेले अंक. प्रत्येक गटाला लांब टेबलाचा अर्धा भाग मिळतो, जेमतेम ९० सेंटिमीटर. त्यावर नवा अंक, मागे उरलेले जुने अंक, दर लिहिलेली पाटी आणि सुट्या नाण्यांची डबी. "शिंकान कुदासाई", म्हणजे "नवा अंक द्या", इतके जपानी आले तरी काम भागते. काही अंक स्वतंत्र कथांचे असतात, पुष्कळसे लोकप्रिय मालिकांतील पात्रे उचलून रचलेले. स्वामित्व हक्काच्या दृष्टीने हे दुसरे प्रकरण नाजूक आहे आणि मूळ प्रकाशक बव्हंशी डोळेझाक करतात, कारण उद्याचे मांगाकार याच टेबलांमागून येतात हे त्यांना ठाऊक आहे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट तेथील शब्दयोजना आहे. संयोजकांच्या मते कोमिकेत 'ग्राहक' कोणीच नसतो. विकणारा, घेणारा आणि रांग सांभाळणारा स्वयंसेवक, सगळेच 'सांकाशा', म्हणजे सहभागी. संध्याकाळी बाजार संपल्याची घोषणा झाली की तो प्रचंड मंडप टाळ्या वाजवतो. कोणासाठी वाजवतो हे मला कळेना, शेजारच्या टेबलावरील बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांसाठी." डिसेंबर २०१९ मध्ये चार दिवसांत तेथे साडेसात लाख हजेऱ्या लागल्या होत्या, म्हणजे त्या टाळ्या किती झाल्या असतील!

आणि अपमान पचवण्याची रीत पाहायची असेल तर या बायकांचीच पाहावी. पुरुष पात्रांमधील प्रेमाच्या कथा रचणाऱ्या आणि वाचणाऱ्या बायका स्वतःला 'फुजोशी' म्हणवतात. 'फुजोशी' या उच्चाराचा जपानीत एक सोवळा शब्द आहे, त्याचा अर्थ 'स्त्रीवर्ग'. त्यातील पहिले अक्षर बदलून त्यांनी त्याच उच्चाराचे 'कुजलेले' हे अक्षर घातले. बाहेरच्याने कुजकट बोलण्याआधीच स्वतःला कुजकी म्हणून घेतले की त्याच्या हातात काही उरत नाही. तोक्योतील इकेबुकुरो भागात त्यांच्या दुकानांची एक आळीच आहे, तिला 'ओतोमे रोड', म्हणजे कुमारिकांचा रस्ता, म्हणतात.

शब्दवेध

रेघोट्या यांनी चूक दाखवली ती मान्य आहे.

शंकासूर यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण हा घोळ मराठी वृत्तपत्रांतही दिसतो. घरात कोंडून घेणाऱ्यांसाठी जपानीत वेगळा शब्द आहे, 'हिकिकोमोरी'. मानसोपचारतज्ज्ञ साइतो तामाकी यांच्या १९९८ च्या पुस्तकानंतर तो सर्वतोमुखी झाला, आणि शासकीय व्याख्येनुसार सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ शाळा, नोकरी आणि घराबाहेरचे संबंध टाळून राहणाऱ्या माणसाला तो लागू होतो. ती एक अवस्था आहे, बहुधा दुःखाची. ओताकु हा आवडीने ठरतो. हिकिकोमोरी माणसाला मांगाचे अजिबात वेड नसू शकते, आणि 'तोरितेत्सु', म्हणजे आगगाड्यांची छायाचित्रे टिपणारे ओताकु, तर जन्मभर घराबाहेरच असतात. त्यांचेच भाऊबंद 'नोरितेत्सु', म्हणजे केवळ प्रवास करण्यासाठी गाडीत बसणारे. शब्दातील 'घर' हे राहण्याचे ठिकाण नसून संबोधनातील घर आहे, हे लक्षात ठेवले की घरकोंबड्याची व्युत्पत्ती आपोआप गळून पडते.

पहिल्या मुद्द्याविषयी: परदेशात गेलेला शब्द नवा अर्थ घेतो हे खरे आहे, आणि अमेरिकेतील संमेलनात कोणी कोणाला समजावत बसण्याचे कारण नाही. पण दप्तरी यांनी तो शब्द जपानी माणसासमोर, जपानी माणसासाठी वापरला. शिवाय जपानमध्ये ओताकु केवळ अ‍ॅनिमेचा नसतो. गाड्यांचा, लष्करी सामग्रीचा, गायिकांच्या समूहांचा, इतिहासाचाही असतो. लिपीतही छटा आहेत. नाकामोरी यांनी तो गोलाकार हिरागानात लिहिला होता, पुढे तो टोकदार काताकानात लिहिला जाऊ लागला आणि त्यातला डंख कमी झाला असे पुष्कळांना वाटते. काही जण पहिले अक्षर मुद्दाम 'वो' असे लिहितात, ती आपसातली मौज. दप्तरी, आपल्या सहकाऱ्याच्या बिल्ल्यावर कोणती लिपी आहे ते पाहावे.

आता मराठी शब्द. 'चाहता' फार फिका आहे. चाहता सुट्टीच्या दिवशीही होता येते. 'व्यासंगी' म्हटले तर ग्रंथालयाचा वास येतो आणि थट्टेची छटा पूर्ण नाहीशी होते. 'नादिष्ट' आणि 'छांदिष्ट' हे जवळ येतात, कारण त्यांत कौतुक आणि कपाळाला हात या दोन्ही गोष्टी आहेत. दरवर्षी १ जूनला दख्खनच्या राणीचा वाढदिवस म्हणून पुणे स्थानकावर केक कापणाऱ्या, तिच्या डब्यांचा इतिहास तोंडपाठ असणाऱ्या मंडळींना आपण छांदिष्ट म्हणू शकतो आणि त्यांना राग येणार नाही. ओकादा यांचा तीन डोळ्यांचा ओताकु मात्र आपल्या 'दर्दी'च्या अधिक जवळचा आहे, फक्त दर्दी हा शब्द आपण गाण्याच्या बैठकीपुरता राखून ठेवला आहे. भाषांतरात मी 'ओताकु' तसाच ठेवीन. नाकामोरी यांनी 'ते' केलेल्या शब्दाला आपल्या सहकाऱ्याने 'मी ओताकु' म्हणून प्रथम पुरुषात आणले आहे, आणि संबोधनापासून सुरू झालेली ही सरकासरक दुसऱ्या कोणत्याही मराठी शब्दाने दाखवता येणार नाही.

दप्तरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिल्ल्यावर काताकाना आहे. सहकाऱ्याला हे सर्व वाचायला दिले. १९८९ चा प्रसंग त्याला ठाऊक नव्हता आणि तो बराच वेळ गप्प होता. बिल्ला त्याने काढलेला नाही, आणि मीही तसे सुचवले नाही.

पाहुणे पुन्हा येणार आहेत. तेव्हा माझ्यासारख्याने, म्हणजे जो स्वतः ओताकु नाही त्याने, त्याची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यावी?

कावासाकीकर

दप्तरी, माझ्या अनुभवानुसार नियम सोपा आहे. स्वतःला ओताकु म्हणावे, मित्राला त्याने स्वतः म्हटल्यानंतर म्हणावे, आणि तिऱ्हाइताची ओळख करून देताना म्हणू नये. आजची तरुण मुले हा शब्द अगदी सहज वापरतात, अमुक गायिकेची मी ओताकु, अमुक पात्राची मी ओताकु. आवडत्या पात्राला किंवा कलाकाराला 'ओशी' म्हणतात आणि त्याच्यासाठी केलेल्या सगळ्या खटपटीला 'ओशिकात्सु'. 'ओशी' हे 'ओसु', म्हणजे पुढे ढकलणे, पुरस्कार करणे, यावरून आले. आपल्या पाहुण्यांतील मुलीला पुढच्या वेळी "आपली ओशी कोण?" असे विचारले तर ती खूश होईल. ज्येष्ठ गृहस्थांसमोर मात्र 'कुवाशी' हे विशेषण वापरावे. त्याचा अर्थ 'सखोल माहिती असलेला', आणि त्यात कोणालाही काही बोचत नाही.

दप्तरी

उत्तम. मग मी असे म्हणेन: "कारे वा आनिमे नि कुवाशी काता देसु", म्हणजे 'हे अ‍ॅनिमेची सखोल माहिती असलेले गृहस्थ आहेत'. हे बरोबर आहे का?

शब्दवेध

व्याकरण बरोबर आहे, एक शब्द बदलावा. 'काता' हा 'व्यक्ती' यासाठीचा आदरार्थी शब्द आहे. बाहेरच्या माणसासमोर आपल्याच कार्यालयातील सहकाऱ्याला तो लावत नाहीत, मग तो सहकारी कितीही जाणकार असो; तेथे 'मोनो' हा नम्र शब्द वापरावा. आपला सहकारी त्या प्रसंगी 'उची'चा असतो आणि पाहुणे 'ओताकु'चे. बाईंनी पहिल्या वर्षी शिकवलेले ते पान वहीत असेलच.